कमानीला लावलेला डिंक

घरात मी आणि लेक, दोघंच. आज ती बोलत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय.

आठवीतल्या ईश्वरीने शाळेच्या प्रकल्पासाठी लाकडी ठोकळ्यांची कमान केली. अट होती की डिंक वापरायचा नाही, ठोकळे एकमेकांच्या दाबावरच उभे राहिले पाहिजेत. पंधरा दिवस ती ठोकळे घासत होती. आज सकाळी ती अंघोळीला गेल्यावर मला धास्ती वाटली, कमान कोसळली तर? मी सांध्यांत गुपचूप डिंक भरला.

शाळेत मीही सोबत होतो. तिने कमानीखालचा आधाराचा साचा काढला. कमानीने पाच विटा पेलल्या. टाळ्या पडल्या. मग मॅडम म्हणाल्या, "आता एकेक ठोकळा सुटा करून दाखव."

मधला ठोकळा हललाच नाही. ईश्वरीने माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, मीच लावला डिंक," ती म्हणाली.

आणि मी गप्प उभा राहिलो.

ऑटोत ती एवढंच बोलली, "बाबा, माह्यावर भरोसा नव्हता त मले सांगाचं ना."

उद्या मॅडमना खरं सांगणार आहे. ते सोपं आहे. पण दार लावून बसलेल्या लेकीला, तुम्ही असता तर, काय सांगितलं असतं?