तिने सांगितलेला हिरवा

बायको गेली त्या दिवसापासून मी देवापुढे दिवा लावला नव्हता. येवल्यात घरातच माझा पैठणीचा माग. चाळीस वर्षं मी विणायचो आणि ती शेजारी बसून आडवा धागा नेणाऱ्या धोट्यासाठी कांड्यांवर रेशीम भरायची. शेवटच्या साडीला मी आकाशी उभे धागे लावले, तर हिने हट्ट धरला, आडवा धागा कोवळा हिरवा घ्या. मी खेकसलो, "दोन्ही फिके. एकमेकांत मरतील." ती म्हणाली, "लावून तर बघा. लय भारी दिसंल." मी ऐकलं नाही. त्याच आठवड्यात ती गेली आणि ते आकाशी धागे मागावर तसेच ताणलेले राहिले. नंतर मागावर बसलो की हातच उचलेना. आता आपल्या हातून विणणं होत नाही, असं मी धरूनच चाललो होतो.

नाशिक रोडला नोकरीला असलेल्या मुलाने या हिवाळ्यात मला बळेच अंदमानला नेलं. समुद्र म्हणजे पाणीच की, त्यात काय बघायचं, अशी माझी कुरकुर वाटभर चालू होती. बेटावर उतरलो आणि ती कुरकुर विसरलो. पिठासारखी मऊ पांढरी वाळू, पाण्यावर ओणवी झालेली मोठाली झाडं, आणि पाणी इतकं नितळ की तळाच्या वाळूवर माशांच्या सावल्या पळताना दिसत. मला रागच आला देवाचा. एवढं मांडून ठेवलंस आणि तिला दाखवलं नाहीस?

होडीत बसलो. थोडं आत गेल्यावर होडी माझ्या बाजूला कलली, तसा नावाडी म्हणाला, "बाबा, आप उधर बैठो." चरफडतच मी समोरच्या फळीवर गेलो. खाली पाहिलं. मघाशी आकाशी दिसणारं पाणी इथून कोवळं हिरवं दिसत होतं. साडीची धूपछाव, म्हणजे बघण्याच्या कोनाबरोबर पालटणारा रंग, पारखताना करतो तशी मी मान डावीकडे कलती केली, मग उजवीकडे. आकाशी. हिरवा. एकही रंग मेला नव्हता. मला चक्कर आली असं वाटून नावाड्याने माझा दंड घट्ट धरला. मी लहान पोरासारखा रडत होतो आणि हात आपोआप जोडले गेले होते.

नावाड्याने माझी जागा वजनासाठी बदलली, हे मला कळतं. मी कोणाशी वाद घालत नाही. देवाशीही घालायचा सोडला.

घरी आल्यावर आधी दिवा लावला. मग हिरव्या रेशमाच्या कांड्या स्वतः भरल्या, वेड्यावाकड्या. वीतभर विणून झाल्यावर मान कलती करून पाहिलं आणि तिच्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणालो, "तुझंच खरं."