नकाशातला जादा ठिपका

भूगोलाचे सर मारत नसत. मारलं असतं तर परवडलं असतं. ते भिंतीवर नकाशा टांगायचे, हातात पट्टी द्यायचे आणि म्हणायचे, "दाखवा, बाईसाहेब." चुकलं की अख्खा वर्ग हसून होईपर्यंत थांबायचे. मी जरा जास्तच हसायची. दुसऱ्याची पाळी लांबली की आपली टळते.

नववीत त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत पंचवीस नकाशे भरून आणायला सांगितले. मी नाशिकला मावशीकडे राहून शिकत होते. आमची द्राक्षबाग दिंडोरीकडे. सुट्टीत घरी गेले, तर बागेवर आलेल्या मजुरांत माझ्याच वर्गातली मुलगी! सुरगाण्याकडची, शाळेच्या वसतिगृहात राहायची. सुट्टी लागताच आईबापांबरोबर कामाला आली होती. शाळेत मी तिच्याशी कधी बोलले नव्हते. इथे बोलले, कारण मला नकाशांचा कंटाळा आला होता.

दिवसभर ती वेलींची जादा फूट खुडायची आणि संध्याकाळी आमच्या पडवीत बसून माझे नकाशे भरायची. प्लास्टिकचा साचा ठेवून बाहेरची रेघ कुणीही काढतं. नद्या मात्र ती हाताने काढायची, आणि काय काढायची! एका नकाशाला दोन चकल्या, असं मी ठरवलं होतं. मोडक्या निवडून द्यायची.

शाळा सुरू झाली. टोळीचं काम संपलं नव्हतं, म्हणून ती बागेतच राहिली. माझी वही बघून सर म्हणाले, "अशा नद्या इतक्या वर्षांत कुणी काढल्या नाहीत." वही त्यांनी प्रदर्शनासाठी ठेवून घेतली.

ती परत आली तेव्हा दीड महिना उलटला होता. त्या दिवशी धडा नेमका हंगामी स्थलांतराचा होता. सरांनी तिला उभं केलं.

"कुठे होतात, बाईसाहेब?"

"कामाला, सर. द्राक्षाच्या बागंवर."

"कुठे ते दाखवा."

तिने दिंडोरीवर पट्टी ठेवली. अगदी बरोबर.

"अरे वा! मग शाळेचाच रस्ता तेवढा सापडेना होय?" वर्ग हसला. वसतिगृहही सरांच्याच ताब्यात होतं. "सोमवारी बागमालकाची चिठ्ठी आणायची. नाहीतर वसतिगृहातून नाव कमी."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तकात बघत बसले.

मधल्या सुट्टीत ती नळापाशी आली. "तुज्या बाबाला सांग ना. दोन वळी लिवल्या तरी चालंल. नकाशाचं मी नाय सांगत कुणाला."

मी हो म्हटलं. रविवारी घरी गेलेही. बाबांनी मागताक्षणी लिहून दिलं असतं. पण चिठ्ठीवर आमचं आडनाव दिसलं असतं, आणि सर काही दूधखुळे नव्हते. मी चिठ्ठी मागितलीच नाही. जेवले, परत आले.

सोमवारी ती सरांना म्हणाली, "चिठ्ठी मिळाली नाय, सर." माझं नाव घेतलं नाही. मला तिचा भयंकर राग आला. नाव घेतलं असतं तर मी भांडले असते. भांडण मला जमतं. दुपारी ती पत्र्याची पेटी उचलून सुरगाण्याच्या जीपकडे गेली. मी वर्गाच्या खिडकीतून पाहिलं आणि पुन्हा बाकावर येऊन बसले.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सरांनी माझ्या वहीतला नाशिक जिल्हा उघडला. सुरगाण्याच्या वर, डोंगरात, पेन्सिलीचा एक बारीक ठिपका होता. पुस्तकातल्या नकाशात तिथे काहीच नव्हतं.

"हे कुठलं गाव?"

मला ठाऊक होतं. पडवीत तो काढताना ती म्हणाली होती, "आमचं घर हितं हाय."

"चुकून पडला असेल, सर."

"मग खोड."

तिने पेन्सिल दाबून टेकवली होती. ठिपका गेला, खळगा राहिला. मी तोही घासत राहिले, कागद पातळ होईपर्यंत.

"शाब्बास," सर म्हणाले. प्रदर्शनात माझा पहिला नंबर आला.