पालथे खिळे

छापखान्यात सगळे त्याला जुळारी म्हणत. बायकोसुद्धा रागावली की तेच म्हणे. एकतीस वर्षं अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? खिळ्यांच्या पेटीतल्या घरांकडे तो बघतही नसे. याच्या बोटांना डोळे फुटलेत, असं मालक म्हणायचे, आणि मालक कौतुकाच्या बाबतीत पक्के कंजूष.

त्याचा मुलगा नऊ वर्षांपूर्वी घरातून निघून गेला होता. ना पत्र, ना निरोप. शेवटी बायकोच म्हणाली, "आता पुरे. तो गेला, असं एकदाचं छापून टाका. मला मोकळेपणी रडू द्या." आपण परक्यांच्या शेकडो शोकपत्रिका जुळवल्यात, त्यात ही एक, असं त्याने मनाला बजावलं.

भर दुपारी, छापखान्यात एकटाच असताना, त्याने मजकूर जुळवला आणि प्रूफ काढलं. सगळं ठीक होतं, फक्त मुलाच्या नावाच्या जागी काळ्या ठशांची रांग. खिळे पालथे लागले होते. एखादं अक्षर संपलं की जुळारी तिथे दुसराच खिळा पालथा बसवतात. जागा धरून ठेवायची, अक्षर मिळालं की बदलायचं. पण आज तर पेटीतली सगळी घरं भरलेली होती.

"म्हातारा झालास," तो स्वतःलाच म्हणाला. नाव काढून पुन्हा जुळवलं. पुन्हा तीच काळी रांग. तिसऱ्या वेळी त्याने चष्मा पुसला आणि आपल्याच हाताकडे बघत राहिला. हात शांतपणे खिळा उचलत होता, पालथा करत होता, बसवत होता. थांब म्हटलं तरी थांबला नाही. त्याला भीती वाटली, आणि त्या भीतीच्या तळाशी, सांगायला लाज वाटावी असा आनंदही झाला.

प्रूफ घेऊन तो तडक घरी गेला. बायकोला काही समजावून सांगावं लागलं नाही. जुळाऱ्याचीच बायको ती.

"माझे हात ऐकत नाहीत गं," तो म्हणाला. "थांब म्हणतात."

तिने त्या काळ्या रांगेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मी रोज झोपताना दाराला कडी लावते. सकाळी ती काढलेली असते. मला वाटायचं, पोरासाठी तुम्हीच काढून ठेवता."

इतकी वर्षं जुळाऱ्याला वाटत होतं, तीच काढते.