आधी मत, मग नाश्ता

आमच्या वरच्या मजल्यावरचे काका ज्या निष्ठेनं मत द्यायचे, त्या निष्ठेनं लोक देवपूजासुद्धा करत नसतील. याचं मूळ सांगायचं तर त्यांच्या वडिलांपासून सुरुवात करावी लागते. वर्ध्याकडच्या एका गावात ते कापसाच्या जिनिंगमध्ये गाठी उचलायचे. घरात खाणारी तोंडं भरपूर, कालवणात पाणीच जास्त, आणि काम बुडालं की त्या दिवशी चूल पेटेलच असं नाही. तरी मतदानाच्या दिवशी हा माणूस काम बुडवायचा. आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, तोंडात घास न घेता रांगेत उभा राहायचा. आधी मत, मग भाकरी. एका वर्षी ते टेबलापाशी पोचले तर तिथला माणूस म्हणाला, "तुमचं मत पडलंय. जा घरी." कुणी पाडलं ते सगळ्या वस्तीला ठाऊक होतं, पण विचारायची कुणाची टाप नव्हती. बाप तसाच परत आला आणि दिवसभर जेवला नाही. काका तेव्हा शाळेत जात होते. मला सांगायचे, "बाबा रडले असते तर मी विसरलो असतो गं. ते नुसते आपलं कोरं बोट बघत बसले."

मीही असल्याच घरातली. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली, आणि हे मी आजही मान वर करूनच सांगते. जर्मनीतल्या येनाच्या विद्यापीठात संशोधनासाठी आले तेव्हा शहरात घर मिळेना. जवळच्या एका लहान गावात काकांनी आपल्याच इमारतीतलं खालचं घर मला मिळवून दिलं. वसतिगृहात राहून ते इंजिनिअर झालेले, भिंगं घासणारी यंत्रं जुळवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. भारताचा पासपोर्ट परत करताना त्यांचा हात कित्येक वर्षं अडला. शेवटी केला तो एकाच विचारानं. "मी इथं कर भरायचा आणि माझ्या वाटचं मत दुसऱ्यानं द्यायचं, म्हणजे बाबांचंच झालं की."

जर्मन नागरिक झाल्यावर काकांनी एकही मतदान चुकवलं नाही. आदल्या दिवशी काकू खळ घालून सदरा कडक करायच्या. रविवारी सकाळी केंद्र उघडायच्या आधी काका दारात हजर, उपाशीपोटी. मत द्यायला आत पेन्सिल ठेवलेली बघून एकदा त्यांनी अधिकाऱ्यांचं अर्धं डोकं खाल्लं आणि तेव्हापासून स्वतःचं पेन न्यायला लागले. बोटाला शाई लावत नाहीत याचं तर त्यांना फार वाईट वाटायचं. बाहेर आल्यावर ते त्याच पेनानं डाव्या तर्जनीवर रेघ ओढायचे आणि घरी येऊन ते बोट भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या फोटोला दाखवायचे. मगच पोहे. त्यांची मुलगी इथंच वाढलेली. आपण मराठीत बोललो तर तिला सगळं कळायचं, उत्तर जर्मनमध्ये. बापाचं बोट बघून ती म्हणायची, "पापा, पाइनलिश." म्हणजे लाज आणता तुम्ही. काका म्हणायचे, "गेनाऊ, अगदी बरोबर. लाज नाही वाटली म्हणूनच इथवर आलो."

पण मतपत्रिकेवरची नावं मुळात ठरवतं कोण, हा प्रश्न त्यांना छळायला लागला. "ताटात काय वाढायचं ते दुसऱ्यानं ठरवायचं, आणि आपण फक्त हे नको ते द्या म्हणायचं, याला काय अर्थ आहे?" म्हणून ते एका पक्षाचे सभासद झाले. त्याच सुमाराला पक्षाच्या गावशाखेनं जाहीर केलं की यंदा महापौरपदाचा उमेदवार सभासदच मत देऊन निवडतील. काकांना आभाळ ठेंगणं झालं. इच्छुक दोन. एक शाखेचे उपाध्यक्ष, मोठ्या फर्निचरच्या दुकानाचे मालक. दुसऱ्या इच्छुक म्हणजे आमच्याच गावच्या बालवाडीच्या मुख्याध्यापिका. यांनी काकांच्या मुलीला बोलतं केलं होतं आणि काकूंना जर्मन शिकवलं होतं. काकांनी बाईंसाठी प्रचार सुरू केला, म्हणजे काकूंनी केलेला चिवडा घरोघरी पोचवला. जर्मन म्हातारे तो गरम सूपमध्ये घालून खायचे. काका ते दुःख गिळायचे आणि बाईंचं नाव सांगायचे.

सभा शाळेच्या व्यायामशाळेत व्हायची होती. ऐनवेळी पक्षानं ती एका रेस्टॉरंटच्या मागच्या खोलीत नेली. माणसं जिन्यापर्यंत उभी. मतपत्रिका छापायच्या राहिल्या होत्या, म्हणून वेटरच्या वहीतली पानं फाडून वाटली. आडोसा नाही, पेटी नाही. स्वयंपाकघरातून सॅलडचं मोठं भांडं आणलं आणि ते टेबलांवरून फिरलं. उपाध्यक्ष ज्याच्या त्याच्या खांद्यामागून डोकावत होते. मी पाहुणी म्हणून भिंतीला टेकून हे सगळं बघत होते. एवढं होऊनही बाई जिंकल्या. लोकांनी टेबलं वाजवली. आणि काका उभे राहिले.

"मी बाईंनाच मत दिलंय," ते म्हणाले, "पण हे मतदान गुप्त नव्हतं. सगळ्यांनी सगळ्यांचं पाहिलं. कृपा करून याची नोंद करा. पुढच्या वेळी पेटी हवी."

बिचाऱ्यांना पुढच्या वेळेची सुधारणा सुचवायची होती. अध्यक्षांनी मात्र ते वाक्य झेललंच. आठवड्याभरात सभासदांना कळवण्यात आलं की एका सभासदाच्या हरकतीमुळे निवड रद्द झाली आहे, सभा पुन्हा होईल.

काकूंनी कपाळावर हात मारला. "अहो, आपल्या बाई जिंकल्या होत्या. गप्प बसवलं नाही तुम्हाला?"

"भांड्यातनं जिंकल्या होत्या," काका म्हणाले. "आता पेटीतनं जिंकतील."

त्यांना खरंच तसं वाटत होतं. ते तळघरात शिरले आणि त्यांनी मतपेटी केली. बीचच्या लाकडाची, कोपरे असे जुळवलेले की केस शिरणार नाही. भिंग घासणाऱ्या माणसाची पेटी ती. दोन कुलपं, दोन्ही इच्छुकांकडे एकेक किल्ली. वर सुतळी बांधून लाखेची मोहोर करायची सोय. लाख त्यांनी खास वर्ध्याहून मागवली. झाकणाची फट गुळगुळीत व्हावी म्हणून ते इतका वेळ घासत बसले की काकू म्हणाल्या, "पेटीत मत टाकायचंय, त्यातून चंद्र नाही बघायचा."

दुसरी सभा पक्षानं ठेवली कामाच्या दिवशी, भर दुपारी. पाळीवर काम करणारे, बालवाडीतल्या मुलांचे आईबाप, कोण येणार? काका रजा काढून आले, कडक सदरा, उपाशी, मांडीवर पेटी. अध्यक्ष म्हणाले, "आल्झो, तर मंडळी, पहिली निवड रद्द झाल्यामुळे अर्जही पुन्हा करायला हवे होते. मुदतीत एकच अर्ज आला आहे." अर्ज पुन्हा करायचे हे बाईंना कुणी सांगितलंच नव्हतं. त्या उठून बोलायला लागल्या, तर अध्यक्ष म्हणाले, वेळ कमी आहे. या वेळी मतपत्रिका छान छापलेल्या होत्या. त्यांच्यावर नाव मात्र एकच, उपाध्यक्षांचं.

काकांच्या शेजारी गावचे म्हातारे बेकरीवाले बसले होते. पूर्व जर्मनीच्या दिवसांत वाढलेले. कागद हातात घेऊन ते शांतपणे म्हणाले, "तरुणपणी आम्ही असंच करायचो. एकच नाव. कागदाची घडी घालायची, टाकायचा आणि घरी जायचं. म्हटलं ते संपलं." त्यांनी कागदाची घडी घातली, ती कोटाच्या खिशात ठेवली आणि ते उठून गेले. त्यांच्यामागून आणखी बरेच जण गेले.

काका शेवटपर्यंत बसले. त्यांची पेटी कुणी मागितली नाही. परतताना बसमध्येही ती मांडीवरच होती, आणि मला म्हणाले, "माझ्या एका वाक्यानं बाईंचं गेलं बघ."

मी म्हटलं, "काका, तुमचं वाक्य खरं होतं. गैरवापर त्यांनी केला."

"हो," ते म्हणाले. "पण बाबांचं मत निदान दुसऱ्यानं पाडलं होतं."

उपाध्यक्ष पुढे महापौरपदाची निवडणूक सपाटून हरले. काकांनी पक्ष सोडला, पेटी तळघरात लोणच्याच्या बरण्यांशेजारी गेली. त्यानंतर संसदेच्या निवडणुकीचा रविवार आला. मी सवयीनं सकाळी वर गेले तर काका टेबलाशी बसून उपमा खात होते. अंगात घरचाच स्वेटर. काकू माझ्याकडे बघेनात. काका म्हणाले, "जाऊ दुपारी. केंद्र कुठं पळून चाललंय?" दुपारी गेले, मत दिलं, आले. बोटावर रेघ नव्हती. मुलीनं वाकून त्यांचं डावं बोट बघितलं. संध्याकाळी तिनं मला हळूच मराठीत विचारलं, "बाबा आजारी आहे का?" तिच्या तोंडून पूर्ण मराठी वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

काही वर्षांनी त्या शाखेचे जुने लोक पायउतार झाले. एका शनिवारी बालवाडीच्या बाई आणि ते बेकरीवाले आमच्या दारात उभे राहिले. महापौरपदासाठी पुन्हा उमेदवार निवडायचा होता आणि त्यांना पेटी हवी होती. काकांनी ती पुसून दिली. बेकरीवाले म्हणाले, "मोहोर तुम्हीच करायची. आम्हाला येत नाही."

पुढच्या शनिवारी सकाळी व्यायामशाळेत काकांनी भरल्या सभेसमोर पेटी उघडून रिकामी असल्याचं दाखवलं, कुलपं लावली, किल्ल्या दोन्ही इच्छुकांना दिल्या आणि सुतळीवर लाख वितळवली. अंगात कडक सदरा होता. मग सभासद नसलेल्यांनी कृपया बाहेर बसावं अशी सूचना झाली. काका सभासद नव्हते. पक्षात परत या म्हणून बाईंनी मिनतवारी केली होती, पण काका म्हणाले होते, "आता नको. तेवढं मन राहिलं नाही."

आम्ही बाहेर बाकावर बसलो. उन्हात थंडी होती. काकूंनी माझ्याजवळ डबा दिला होता, तो मी पुढे केला. "काका, पोहे घ्या."

त्यांनी मान हलवली. "आत मतदान चाललंय."

"तुमचं मत नाहीये ना पण."

"नाही," काका म्हणाले, आणि दाराकडे बघत राहिले.

दुपारी दार उघडलं तेव्हा त्यांनी डबा मागून घेतला. दोन नावांमधून, आडोशामागे खूण केलेल्या कागदांनी, मोहोरबंद पेटीतून बाई उमेदवार म्हणून निवडून आल्या होत्या.