आत्याचा फडा आणि बाबांचं गळू

आमची आत्या ब्लाउज शिवते आणि लोकांना फुकटात बरं करते. दुसरं काम तिला कोणी सांगितलेलं नाही. घरामागच्या कुंपणाला फड्या निवडुंग माजलाय, तोच तिचा दवाखाना. खोकला झाला की लाल बोंडांचा रस पाजते. दुसऱ्या दिवशी लघवी लाल होते, हे मात्र आधी सांगत नाही. “घाबरला की माणूस खोकला विसरतो,” म्हणते. शेजारच्या काकांनी विचारलं, मधुमेहाच्या गोळ्या सोडून हा रसच घेऊ का? म्हणाली, “सोडल्यात तर याच फड्याने बडवीन.”

गळवावर तर तिचा हातखंडा. फडा विस्तवावर धरून कुसळं जाळायची, मधोमध चिरायचा आणि सोसेल इतका गरम बांधायचा.

बाबांना गळू झालं ते नेमकं बसायच्या जागी. कंपनी बंद पडल्यावर वर्षभर घरी बसून काढलं, तेव्हा काही झालं नाही. आता शाळेच्या बसवर ड्रायव्हर हवा होता, चाचणी दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि यांना टेकता येईना. ही नोकरी हुकली तर या वयात दुसरी कोण देणार?

पण थोरल्या बहिणीला दाखवायची लाज. गुपचूप फडा तोडला, नुसता गरम पाण्यात बुडवला आणि बांधला. कुसळं जाळायची अक्कल कुठून येणार? पाचव्या मिनिटाला अशी बोंब ठोकली की आत्या मशीन सोडून धावली. मला तिने खोलीबाहेर हाकललं, पण ऐकू सगळं येत होतं.

“ताई, हळू.”

“गप पड. लहानपणी हेच ढुंगण मी धुतलंय. आज कुठून लाज सुचली तुला?”

तासभर चिमट्याने कुसळं उपटली, मग नीट भाजलेला फडा बांधला.

सकाळी बाबा एका कुल्ल्यावर बसून बस चालवत होते. शाळेच्या फाटकाजवळ गतिरोधक आला, बस उडाली आणि गळू फुटलं. बाबांचा चेहरा असा काही खुलला की शेजारी बसलेले साहेब म्हणाले, “मुलांना असाच हसतमुख माणूस हवा. उद्यापासून या.”

मी आणि आत्या फाटकाबाहेर उभे होतो, तिच्या हातातल्या डब्यात दुसरा फडा.

“लागली?”

“लागली.”

“आणि ते?”

“फुटलं.”

आत्या तिथेच कट्ट्यावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. नोकरीसाठी की गळवासाठी, हे विचारायची माझी छाती झाली नाही.