दाढेवरून लागलेलं नातं

पांढरकवड्यात कोणाच्या तोंडात किती दात स्वतःचे आणि किती जोहराबीचे, हे जोहराबीशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं, आणि ती सांगत नव्हती. दातांचे डॉक्टर साचे पाठवत, ती कवळ्या करून देई. नवरा अय्यूब गेला तेव्हा डॉक्टर हळहळले, आता साचे नागपूरला धाडावे लागणार म्हणून. जोहराबीनं पंधराव्या दिवशी दुकानाचं शटर वर केलं. अठरा वर्षं कवळ्या तिच्याच हातच्या होत्या. भल्या अय्यूबनं ते कोणाला सांगितलं नव्हतं, एवढंच.

तिच्याकडे एका दुपारी प्राध्यापक उत्तमसिंग पुठ्ठ्याचं खोकं घेऊन आले. यवतमाळकडच्या एका कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवत. कॉलेजात तपासणी समिती यायची होती, आणि संस्थेचे अध्यक्ष गुणवंतराव यांना एकाएकी विज्ञानाचा पुळका आला होता. मोडकी बाकडी ठेवायच्या लांबट खोलीत आठ दिवसांत 'मानवाची उत्क्रांती' दालन उभं करा, असा त्यांचा हुकूम होता. त्यासाठी हैदराबादहून आदिमानवांच्या कवट्यांच्या चार नकला मागवल्या. ट्रकमध्ये त्यांच्यावर काय लादलं देव जाणे, खोकं उघडलं तर चारही जणांचे दात तळाशी एकत्र.

"चाची, एवढे बसवून द्या. कोणाचा कोणता ते या फोटोत पाहा," उत्तमसिंग म्हणाले.

"फोटो कायले? दात आपलं घर स्वतःच सांगते."

तीन दिवसांत चारही जबडे भरले. उत्तमसिंग न्यायला आले तेव्हा त्यांच्या हातात दालनाचा नकाशा होता. भिंतीवर सरळ रांग: पहिला होमो इरेक्टस, मग हायडेलबर्गचा माणूस, मग निअँडरथल, मग आपण. आपल्यानंतर थोडी जागा सोडून चौकट आखली होती.

"इथं कोण?"

"अध्यक्षांचा फोटो," उत्तमसिंग नकाशाकडे पाहत म्हणाले.

जोहराबीनं कपाळावर हात मारला नाही, कारण हात ओल्या प्लास्टरनं माखले होते. "सर, हा तिसरा चौथ्याचा बाप काहून केला?"

"रांगेत तसंच येतं."

"रांगेत तर राशनच्या दुकानातबी माणसं येतात. ते काय एकमेकाचे बाप असतात?" तिनं निअँडरथलचा जबडा पुढं ओढला. "अक्कलदाढेच्या मागं बोट घाला. केवढी जागा रिकामी! पहिल्या दोघांत अशी नाही, चौथ्यात तर नाहीच. आता चौथ्याची हनुवटी पाहा, ती बाकी कोणालेच नाही. दोघांनी आपापली वेगळी खोड काढली. हे बाप-लेक नाहीत सर, एका घरून निघालेले चुलतभाऊ हायेत."

"पण भुवईचं हाड दुसऱ्या-तिसऱ्याचं सारखं जाड आहे," उत्तमसिंगांनी उगाच किल्ला लढवला.

"ते तर पहिल्याचंबी हाय. आजोबाची जुनी खोड कोणातबी निघते, तिच्यावरून कोण जवळचं ते कसं कळन? नवी खोड ज्या दोघांत सारखी सापडते, ते एकमेकाच्या जवळचे. डोक्याचा एवढा मोठा डबा तिसऱ्या-चौथ्यातच हाय. माझ्याकडं तीन-तीन पिढ्यांचे साचे पडून हायेत. उगाच नाही सांगून राह्यली."

उत्तमसिंगांना हे माहीत नव्हतं असं नाही. दर वर्षी ते वर्गात हेच शिकवत. पुढं जाऊन या चुलतभावांची सोयरीकही झाली आणि आपल्या अंगात त्या निअँडरथलची दीड-दोन टक्के जनुकं अजून आहेत, हेही त्यांना पाठ होतं. पण वर्गात अध्यक्ष बसत नसत, आणि उत्तमसिंगांची नोकरी अजून कायम झाली नव्हती.

"मंग पोरायले खोटं दाखवता?" जोहराबीनं विचारलं, आणि जबडे कागदात गुंडाळायचं थांबवलं.

जबडे मिळाले ते नकाशा फाडल्यावरच. दोघांनी मिळून नवा काढला: एक खोड, त्याला फुटलेल्या फांद्या, शेवटाला शेजारशेजारच्या दोन डहाळ्यांवर निअँडरथल आणि आपण, आणि आपल्या डहाळीच्या टोकाला अध्यक्षांची चौकट.

समितीच्या दिवशी सकाळी एक दात निखळला म्हणून जोहराबीला बोलावलं होतं. ती स्टुलावर चढून दात चिकटवत असतानाच गुणवंतराव आत आले आणि आपला फोटो पाहून लाल झाले.

"मला या रानटी माणसाच्या शेजारी टांगलं? आमचं घराणं सतरा पिढ्यांचं शुद्ध आहे!"

"साहेब, सतरा पिढ्या म्हणजे काल-परवाची गोष्ट झाली," जोहराबी वरूनच म्हणाली.

साहेब उत्तर देणार तोच समितीच्या सत्यशीला मॅडम दारात उभ्या राहिल्या. भिंत पाहून त्या थबकल्या. "वा! सगळीकडे ती सरळ रांगच पाहून कंटाळले होते. ही कल्पना कोणाची?"

"माझी," गुणवंतराव पापणी न लववता म्हणाले. "मी पहिल्या दिवशीच सांगितलं, रांग नको."

"मग हे दोघे वेगळ्या फांद्यांवर का, ते सांगता?"

गुणवंतरावांनी उत्तमसिंगांकडे पाहिलं. उत्तमसिंगांनी फरशीकडे पाहिलं. शेवटी जोहराबी स्टुलावरून उतरली, पदराला हात पुसला आणि बोट घालून दाढेमागची जागा दाखवली. मग ती हनुवटीवर आली, मग भुवईवर.

"तुमचं शिक्षण?" मॅडमनी विचारलं.

"सातवी. पुढं दात."

कॉलेजला वरचा दर्जा मिळाला. पेपरात गुणवंतरावांच्या दूरदृष्टीवर दोन रकाने आले. खाली 'एका स्थानिक महिलेचे सहकार्य लाभले' अशी ओळ होती. उत्तमसिंगांना तेवढं मात्र टोचलं. दर शनिवारी ते पोरांना एसटीनं जोहराबीच्या दुकानी आणू लागले. ती साचे मिसळून टाकी आणि दात पाहून घराणी लावायला सांगे. उत्तमसिंग कोपऱ्यात बसून वहीत उतरवून घेत. वर्षभरानं त्या वहीवरून त्यांच्या नावाची पुस्तिका छापून आली. ऋणनिर्देशात गुणवंतराव होते, प्राचार्य होते, छापखानाही होता.

एक प्रत घेऊन ते स्वतःच आले आणि ओशाळून म्हणाले, "चाची, तुमचं नाव राहूनच गेलं."

जोहराबीनं चष्मा चढवून पानं चाळली. "नावाचं मरू द्या सर. हे अकरावं पान पाहा. खालची दाढ वरच्या जबड्यात छापली."

तिनं छापलेल्या दीडशेच्या दीडशे प्रती मागवून घेतल्या, प्राध्यापकांना बाकावर बसवलं, हातात पेन दिलं आणि प्रत्येक प्रतीतलं अकरावं पान दुरुस्त होईपर्यंत, म्हणजे संध्याकाळपर्यंत, उठू दिलं नाही.