धानोरा ते राजुरा, गाडी न लागता

मला गाडी लागते. लग्नाआधी हे कुणाला सांगायची वेळच आली नव्हती, कारण राजुऱ्यात आमचं घर, शाळा, बाजार सगळं पायी जाण्यासारखं. लग्न लागलं आणि वरातीच्या बसमध्ये सासरच्या सगळ्या माणसांना ते एकदमच कळलं. नवी नवरी राजुऱ्यापासून धानोऱ्यापर्यंत खिडकीबाहेर डोकं काढून बसलेली. आमच्याकडे सासूला मामीजी म्हणतात. माझ्या मामीजींनी मागून माझी पाठ धरली होती आणि अख्ख्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणत होत्या, "जेवाले भात पुरला नाई, मंग पोरीच्या पोटात येवढं आलं कुठून वो?"

भात खरंच कमी पडला होता. शेवटच्या पंगतीला आईला शेजारच्या घरून तांदूळ आणून पुन्हा शिजत घालावा लागला, आणि त्या पंगतीत नेमक्या मामीजी होत्या. धानाच्या मुलखात वरमाय भातासाठी ताटावर खोळंबली, म्हणजे काय झालं ते इकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. तेव्हापासून माझी आई आणि मामीजी एकमेकींशी बोलत नव्हत्या. मी माहेरी जाताना मामीजी भाजीपाला, मोहाची फुलं, चारोळी असं काहीबाही बांधून द्यायच्या, पण निरोप द्यायच्या नाहीत.

लग्नाला काही वर्षं झाली असतील. मृगाच्या सुमाराला चौकातल्या दुकानात माझ्या भावाचा फोन आला. आईला लकवा मारला होता. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं जवळजवळ बंद. भाऊ कोळशाच्या खाणीत पाळ्यांवर, वहिनीच्या अंगावर दोन लहान लेकरं. आईला उठवणं, बसवणं, तेलानं चोळणं हे सगळं ती एकटी करत होती. मी ठरवलं, दर पंधरा दिवसांनी जायचं आणि दोन-तीन दिवस तरी वहिनीला मोकळं करायचं.

माझे यजमान वनरक्षक. त्यांना जंगल सोडून माझ्यासोबत यायला जमत नसे. ते म्हणाले, "जाय, पन तुले गाडी लागते नं."

"लागू दे," मी म्हटलं.

म्हणायला काय जातं! धानोऱ्याहून गडचिरोली, तिथं दुसरी बस, वैनगंगेचा पूल, सावली, मूल, मग चंद्रपूर, तिथं तिसरी बस, बल्लारपूर ओलांडून राजुरा. सकाळी निघालेलं माणूस दिवे लागताना पोचायचं. बसच्या काचा अशा खडखडायच्या की शेजारच्याचं बोलणं कळू नये. खिडकी उघडी ठेवली तर धूळ, बंद केली तर डिझेलचा वास, आणि त्यात कुणाच्या तरी पायाशी सुक्या मासळीची टोपली. पावसाळ्यात छत गळायचं, तेव्हा बसमध्ये छत्र्या उघडायच्या आणि त्यांची टोकं एकमेकांच्या कपाळाला लागायची. मी लिंबू हुंगलं, चिंच चघळली, उपाशी बसले, पोट भरून बसले, पोटाला घट्ट पदर बांधून बसले. कंडक्टर मला ओळखायला लागले. "बाई, तुमी खिडकीपाशी बसा," असं म्हणून ते बसलेल्या माणसाला उठवायचे, आणि तो माणूस माझ्याकडे एकदा बघून चटकन उठायचा.

डॉक्टरनं गोळी दिली. गोळीनं उलटी थांबली खरी, पण झोप अशी आली की चंद्रपूरच्या स्टँडवर मला हलवून उठवावं लागलं. राजुऱ्याला पोचून मी आईच्या खाटेशेजारी आडवी झाले ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. वहिनी दोन रोग्यांचं करत बसली. गोळी बंद केली.

मग काळी-पिवळी जीप करून पाहिली. तीत माणसं मोजून बसवत नसत, दाबून बसवत. ड्रायव्हर स्वतः अर्धा बाहेर लटकून गाडी चालवायचा, कारण त्याच्या सीटवरही दोघे असायचे. एकदा ओळखीच्या बांबूच्या ट्रकमध्ये केबिनला जागा मिळाली. उंचावर, समोर रस्ता, मोकळी हवा. त्या दिवशी मला अजिबात गाडी लागली नाही. पण मूलच्या अलीकडे ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा तुटला आणि आम्ही संध्याकाळपर्यंत सागाच्या सावलीत बसून राहिलो. वडशाहून रेल्वे होती, पण वडशापर्यंत जायला पुन्हा बसच. दसऱ्यापर्यंत माझी अशी दशा झाली की यजमान म्हणाले, "बसनं जाते तं अर्धी होऊन येते तू. बंद कर आता."

त्या ट्रकनं एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आणून दिली होती. समोर रस्ता आणि तोंडावर वारा असला की मला त्रास होत नाही. आमच्या गावच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंची तेव्हाच बदली झाली होती आणि त्या आपली जुनी मोपेड विकणार होत्या. मी कपडे शिवायची. शिलाईच्या पैशातून ती मोपेड मी घेतली.

बाजाराच्या मैदानात, बाजार नसलेल्या दिवशी, मी शिकले. दोनदा पडले. कोपर फुटलं, ते मामीजींना दिसू नये म्हणून लांब बाह्यांचं ब्लाउज घालून वावरले. गावच्या मिस्त्रीकडून प्लग काढायला, घासायला आणि परत बसवायला शिकून घेतलं. मिस्त्री म्हणाला, "गावात फिरवाले ठीक हाये बाई. राजुऱ्याचं नाव काढू नका."

दिवाळी झाल्यावर मी घरात सांगितलं की यावेळी मोपेडनं जाणार. यजमानांनी जेवता जेवता हात थांबवला. ते काही बोलायच्या आत मामीजी म्हणाल्या, "एकटी?"

"एकटीच."

"जंगलातून एकटी बाई जाईन? तिथी गाडी बंद पडली तं?"

"प्लग घासीन."

मामीजी उठल्या, हात धुतले आणि चुलीकडे तोंड करून म्हणाल्या, "मी येतो संग."

मला वाटलं त्या चिडून बोलल्या. पण दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी त्या अंगणात तयार होत्या. डोक्याला घट्ट बांधलेला गमछा, हातात पिशवी, आणि दुसऱ्या हातात काठी. यजमानांनी प्लास्टिकच्या डबकीत जादा पेट्रोल बांधून दिलं. त्यांचा चेहरा असा होता की दोघींपैकी कुणाला अडवावं ते त्यांना ठरवता येत नव्हतं.

गडचिरोलीपर्यंतचा रस्ता जंगलातून जातो. थंडीनं माझी बोटं ब्रेकवर आखडली होती. मागे मामीजी एका बाजूला पाय सोडून बसलेल्या, एक हात माझ्या खांद्यावर, आणि खड्डा आला की त्यांची नखं माझ्या खांद्यात रुतायची. वाटेत पोलिसांचा नाका होता, रस्त्यावर बांबू आडवा. शिपायानं हात दाखवला.

"कुठी निघाल्या बाई?"

"राजुऱ्याले," मी म्हटलं.

तो हसला. "हिच्यावर?"

"मंग काय तुह्या डोक्शावर बसून जाऊ?" मागून मामीजी. शिपायानं बांबू वर केला.

वैनगंगेच्या पुलावर वारा इतका होता की गाडी सरळ ठेवताना माझे दंड भरून आले. पण पोट शांत होतं. पूल संपला तेव्हा मला भूक लागली. प्रवासात भूक लागणं म्हणजे काय ते मला तोवर ठाऊकच नव्हतं. सावलीला आम्ही थांबलो आणि मी दोन प्लेट आलुपोंगे खाल्ले. मामीजी माझ्याकडे बघत राहिल्या.

मूलच्या पुढे खरी परीक्षा झाली. चढ लागला की मोपेड दोघींना ओढेना. मामीजी उतरायच्या, गुडघ्यावर हात ठेवत चढ चालायच्या, आणि मी वर जाऊन थांबायची. एका चढावर गाडी फडफडली आणि बंदच पडली. दोन्हीकडे दाट जंगल. रस्त्यावर चिटपाखरू नाही. त्या भागात वाघ आहे हे शेंबड्या पोरालाही माहीत. मी गाडी कडेला घेतली, पाना काढला. प्लग तापलेला होता, हाताला चटका बसला, पाना खाली पडला. मला रडू यायला लागलं होतं.

मामीजी काठी घेऊन माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तू गाडीकडे पाह्य. जंगलाकडे मी पाह्यतो."

मी पदराला हात पुसले, प्लग काढला, पॉलिश पेपरनं काळं घासलं, फुंकर मारली, बसवला. पायडल मारून मारून दम लागला. गाडी चालू झाली तेव्हा मामीजी इतकंच म्हणाल्या, "झालं? चाल मंग."

बल्लारपूर सोडल्यावर कोळशाचे ट्रक सुरू झाले. प्रत्येक ट्रक गेला की क्षणभर समोरचं काही दिसायचं नाही. मी डोळे बारीक करून रस्त्याची कडा धरून ठेवली. मामीजींनी माझ्या पाठीत तोंड लपवलं होतं. वर्धा नदी ओलांडून आमच्या गल्लीत शिरले तेव्हा ऊन अजून कौलांवर होतं.

आई अंगणात खाटेवर उशांना टेकून बसलेली होती. आम्ही दोघी समोर उभ्या राहिलो. डोळे आणि दात सोडून सगळं काळं. आईनं आधी ओळखलंच नाही. मग माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागे पाहिलं, आणि तिच्या वाकड्या तोंडातून एक चमत्कारिक आवाज आला. मी घाबरून धावले. ती हसत होती. लकवा झाल्यापासून पहिल्यांदा.

"हासा, ईनबाई, हासा," मामीजी आपल्या विहिणीला म्हणाल्या. "तुमच्या पोरीनं आनलं मले अशी."

लग्नानंतर मामीजी आईशी पहिल्यांदा बोलल्या त्या अशा. आईला उत्तर देता येत नव्हतं. तिनं डावा हात उचलून वहिनीला खुणावलं, आणि खूप कष्टानं एक शब्द काढला, "भात." मामीजींनी ऐकलं. त्या रात्री वहिनीनं वाढला तितका भात त्यांनी खाल्ला, आणि वर मागून घेतला.

दोन दिवस मी आईचं केलं. मामीजी भिंतीला टेकून नुसत्या बघत होत्या. वहिनी लेकराला दूध पाजता पाजता डुलकी घेते, आई उजवा पाय हलवायलाच तयार नाही, चोळायला घेतलं की डोळे मिटून घेते, हे सगळं त्यांनी पाहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी भरायला लागले तर म्हणाल्या, "माही लुगडी काढून ठेव. मी राह्यतो इथी."

मला कळेना. "किती दिवस?"

"ह्या चालाले लागत पावतर."

"आन मी? एकटी जाऊ?"

"काऊन? गाडी तूच चालवत होती नं? मी तं मांगं बसलो होतो."

वहिनी आत जाऊन रडली. आईनं डोळे मिटून घेतले होते, पण तिची पापणी ओली होती. मला मात्र त्या क्षणी कृतज्ञता वगैरे काही वाटली नाही. भीती वाटली, जंगलाची. येताना माझ्या पाठीशी कुणीतरी होतं. मी फाटकापाशी बराच वेळ उभी राहिले. बसनं जावं, मोपेड भाऊ ट्रकवर टाकून पाठवेल, असंही मनात येऊन गेलं. मग बसच्या त्या दोन पायऱ्या, तो वास, तो खडखडाट आठवला आणि मी पायडल मारलं.

एकटीला गाडी हलकी होती. परतीच्या वाटेवरचे चढ तिनं न थांबता घेतले. येताना गाडी बंद पडली होती ती जागा आली तेव्हा मी मोठ्यानं बोलायला लागले, गाडीशीच. चाल बाई, चाल, थांबू नको. समोरून रस्त्याच्या मधोमध वानरांचा कळप बसलेला, तो हॉर्न वाजवूनही उठेना. मी थांबले नाही, कडेनं काढली. पुढे एक लाल बस मला ओलांडून गेली. तिच्या खिडकीतून एका बाईचं डोकं बाहेर लोंबत होतं. मला तिची फार दया आली आणि त्याहून जास्त, खरं सांगते, बरं वाटलं.

नाक्यावर तोच शिपाई होता. "म्हातारी कुठी सोडली?"

"माह्या मायजवळ," मी म्हटलं. त्यानं बांबू वर केला.

यजमान गावाबाहेर सायकल घेऊन उभे होते. मागची सीट रिकामी पाहून त्यांचं तोंडच उतरलं. मी सगळं सांगितलं, तरी त्यांनी पुन्हा विचारलं, "माय राह्यली? तिथी? आपल्या मनानं?"

मामीजी होळीपर्यंत राजुऱ्यात राहिल्या. मी दर पंधरा दिवसांनी मोपेडनं जायची आणि प्रत्येक वेळी काहीतरी बदललेलं दिसायचं. आई उजवा पाय ओढत खाटेच्या कडेशी आली, मग भिंत धरून स्वयंपाकघरात, मग काठीनं अंगणात. मामीजी तिला दयामाया दाखवत नसत. "उठा ईनबाई, मले घरी जायाचं हाये," असं म्हणत उठवायच्या. आईचं बोलणं जसं परत आलं तशी दोघींची भांडणंही सुरू झाली, मासोळीला हळद आधी लावायची की नंतर यावरून. वहिनी सांगायची, ती भांडणं ऐकून तिला झोप छान लागते.

घरी येताना मामीजींनी मोपेडवर बसायला साफ नकार दिला. "माही कंबर गेली त्या दिवशी," म्हणाल्या, आणि बसनं आल्या. त्यांना गाडी लागत नाही. कंडक्टरला मूलपर्यंत त्यांनी आपल्या ईनबाईचा पाय कसा चालता केला ते ऐकवलं म्हणे.

आई त्यानंतर बरीच वर्षं होती. पुढे चांगल्या सीटांच्या नव्या बसा आल्या. सगळे म्हणाले, आता काही त्रास होत नाही, बसून तर बघ. एकदा बसले. गडचिरोली यायच्या आत खिडकी उघडावी लागली. स्टँडवर उतरले, नळावर तोंड धुतलं आणि ट्रॅक्टरच्या मागे बसून धानोऱ्याला परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मोपेड काढली आणि दुपारी आईजवळ पोचले.